आठ दिवसांचे धर्मदूत

भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या अगोदरचा आठवडा म्हणजे मुरबाड-शहापूरकडील किराणा व्यापाऱ्याच्या वर्षातील सर्वांत गर्दीचा आठवडा. गूळ, रवा, खोबरे, तेल, कापूर, उदबत्ती यांची मागणी एकदम वाढते. मुंबई, ठाणे, कल्याणकडे नोकरीस गेलेली माणसे गणपतीसाठी गावी परततात आणि दुकानाच्या पायरीवर उभे राहावयास जागा उरत नाही. उधारीच्या वहीतील जुनी बाकीही याच दिवसांत थोडीफार वसूल होते. आपले पर्युषण महापर्व नेमके याच आठवड्यात येते. श्रावण वद्य द्वादशी किंवा त्रयोदशीस त्याचा आरंभ होतो आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीस किंवा पंचमीस संवत्सरी. व्यापारी म्हणून जो आठवडा सोडवत नाही, तोच श्रावक म्हणून सोडावा लागतो.

बहुतेक जण मधला मार्ग काढतात. सकाळी व्याख्यान, मग दुकान, सायंकाळी प्रतिक्रमण. त्यात गैर काही नाही. परंतु आपल्यातील काही थोडे स्त्री-पुरुष या आठ दिवसांत दुकानच काय, गावही सोडतात. भावाच्या किंवा मुलाच्या हाती गल्ल्याची किल्ली देऊन, आसन, मुखवस्त्रिका, माळ आणि चार ग्रंथ एका पिशवीत भरून ते एसटीत बसतात आणि जेथे ओळखीचे कोणी नाही अशा गावी उतरतात. त्या गावी साधु-साध्वींचा चातुर्मास नसतो. सहा, आठ, फार तर पंधरा घरांचा संघ असतो. त्या घरांना आठ दिवस सूत्रवाचन, प्रवचन, प्रतिक्रमण घडावे म्हणून आलेल्या या माणसांना स्थानकवासी परंपरेत 'स्वाध्यायी' म्हणतात. तेरापंथात हेच कार्य उपासक-उपासिका करतात, मूर्तिपूजक संघांत पाठशाळेचे शिक्षक व विद्यार्थी आराधना करविण्यास जातात, आणि दिगंबर समाजात दशलक्षणाच्या दहा दिवसांसाठी विद्वान पाचारण केले जातात. नावे निरनिराळी असली तरी वाट एकच. मीही गेली काही वर्षे या वाटेने जात आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस.

'मिशनरी' हा शब्द उच्चारला की आपल्या भागात शाळा, दवाखाना आणि धर्मांतर अशी तीन चित्रे डोळ्यांपुढे येतात. आपला शब्द निराळा आहे. तो आहे प्रभावना. सम्यक्त्वाच्या आठ अंगांत तो शेवटचा. निःशंकितापासून आरंभ करून उपबृंहण, स्थिरीकरण, वात्सल्य ही सारी अंगे ओलांडल्यावर प्रभावनेचा क्रम येतो. (आपल्या मुलांना विचाराल तर व्याख्यान संपल्यावर दारात मिळणारा लाडू किंवा नाणे म्हणजे प्रभावना! तोही अर्थ रूढ आहे, आणि मुलांना तो अधिक प्रिय असल्यास त्यांना दोष कसा द्यावा?) या क्रमाकडे मी पुनःपुन्हा पाहतो. ज्याला स्वतःची शंका फिटलेली नाही, ज्याने डळमळणाऱ्याचा हात धरलेला नाही, ज्याच्या ठायी साधर्मिकांविषयी वात्सल्य नाही, त्याने ध्वनिक्षेपक हाती घेण्याची घाई करू नये, असे शास्त्रकारांना वाटले असावे. स्वाध्यायाच्या पाच प्रकारांतही हीच मांडणी दिसते. वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा आणि अगदी शेवटी धर्मकथा. वाचावे, विचारावे, घोकावे, चिंतन करावे, मग बोलावे.

या कार्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध फार जुना आहे, आणि त्याची कथा आपल्या तरुणांना ठाऊक असावी असे वाटते. अशोकाचा नातू राजा संप्रति हा आर्य सुहस्तींचा भक्त. बृहत्कल्पभाष्य आणि निशीथचूर्णी यांतील परंपरा अशी की, आंध्र, द्रविड, कुडुक्क आणि महाराष्ट्र हे प्रदेश त्या काळी साधूंच्या विहारास योग्य नव्हते. येथील लोकांना साधूंना आहार कसा द्यावा, कोणता द्यावा, काय देऊ नये, याची जाण नव्हती. तेव्हा संप्रतीने प्रथम आपली माणसे साधुवेशात या प्रदेशांत धाडली. त्यांनी घरोघर जाऊन निर्दोष आहार म्हणजे काय ते लोकांना समजावले. पुढे खरे साधू आले तेव्हा त्यांना येथे संयमपूर्वक राहता आले. कथेचा हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. या भूमीवर धर्माचे पहिले पाऊल उमटले ते गृहस्थांचे. त्यांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून एक साधी रीत शिकविली.

दुसरी कथा आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील सोपाऱ्याची. बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. सोपाऱ्याच्या जिनदत्त श्रेष्ठीच्या घरी धन होते, पण धान्य नव्हते. त्याची पत्नी ईश्वरी हिने एक लक्ष मुद्रा मोजून थोडेसे तांदूळ मिळविले आणि शेवटचे एक जेवण करून साऱ्या कुटुंबाने प्राण सोडावा म्हणून त्यात विष कालविण्याची तयारी केली. त्याच वेळी वज्रस्वामींचे शिष्य आर्य वज्रसेन भिक्षेसाठी दारी आले. लक्ष मोलाचे अन्न शिजेल त्याच्या दुसऱ्याच दिवशी सुकाळ होईल, हे गुरुवचन त्यांना आठवले. त्यांनी विष कालवू नका म्हणून सांगितले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदरास लागली. त्या घरातील नागेंद्र, चंद्र, निवृत्ति आणि विद्याधर या चार पुत्रांनी दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली. आजच्या तपागच्छाची परंपरा यांतील चंद्रकुलापर्यंत पोहोचते. एका व्यापारी घराच्या चुलीपाशी हे सारे घडले. आलेला साधू प्रवचन देण्यास आला नव्हता, भिक्षेस आला होता.

सोपारा आणि कल्याण या बंदरांचा माल ज्या वाटेने घाटावर जुन्नर-पैठणकडे चढे, ती नाणेघाटाची वाट मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याजवळून वर जाते. घाटमाथ्यावरील गुंफेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. जवळच दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे आजही लोक सांगतात. पुणे जिल्ह्यात मावळातील पाले येथील गुंफेत जो ब्राह्मी लेख सापडला, त्याचा आरंभ अरिहंतांच्या वंदनाने होतो आणि लेणे व पाण्याची पोढी खोदविल्याची नोंद त्यात आहे. वाटसरूला निवारा आणि पाणी, एवढीच ती नोंद. सह्याद्रीच्या या रांगांत आपल्या पूर्वसूरींनी ठेवलेल्या सर्वांत जुन्या खुणांपैकी ती एक आहे.

पैठणचाच आणखी एक प्रसंग पर्युषणाशी थेट निगडित आहे. कालकाचार्य प्रतिष्ठानास आले तेव्हा संवत्सरी भाद्रपद शुद्ध पंचमीस होत असे. त्याच दिवशी नगरात इंद्रमहोत्सव असल्याने सातवाहन राजाने षष्ठीस पर्व करावे अशी विनंती केली. पंचमी ओलांडता येत नाही, असे आचार्यांनी सांगितले आणि चतुर्थीस संवत्सरी केली. मूर्तिपूजक परंपरा आजही चतुर्थी पाळते. लोकांचा उत्सव आणि आपले पर्व एकाच दिवशी आल्यास काय करावे, हा प्रश्न आपल्या दुकानांपुरता नवा नाही. त्याला सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या वेळी आचार्यांनी नियमाच्या आत राहून वाट काढली होती.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. लहान गावात स्थानक असतेच असे नाही. कोणाच्या तरी दुकानामागील वखारीत भाताची पोती एका बाजूस सरकवून जागा करतात. पोती सरकविताना किडा-मुंगीची जयणा ठेवावी लागते, तेथेच पहिला पाठ सुरू होतो. आपल्याकडे या दिवसांत पावसाची झड थांबत नाही. वाटेवर सर्वत्र कोवळे गवत, गोगलगाई, गांडुळे. पाऊल कोठे ठेवावे हाच दिवसभराचा विचार होऊन बसतो. पहाटे प्रार्थना, सकाळी अंतगडदशांग सूत्राचे वाचन व त्यावर प्रवचन, दुपारी मुलांचा वर्ग आणि प्रश्नोत्तरे, सूर्यास्ताच्या सुमारास प्रतिक्रमण, रात्री धर्मचर्चा. अंतगडाचे ८ वर्ग, ९० अध्ययने. ज्या ९० आत्म्यांनी भवाचा अंत केला त्यांच्या कथा ८ दिवसांत पुऱ्या करावयाच्या.

या कथांत स्वाध्यायीला सर्वांत जवळचा वाटावा असा एक गृहस्थ आहे. राजगृहाबाहेर अर्जुनमाळी यक्षाच्या आवेशात रोज सहा पुरुष आणि एक स्त्री असे सात जीव मारीत होता. नगराचे दरवाजे बंद होते. भगवान महावीर नगराबाहेर समवसरले असूनही कोणी बाहेर पडण्यास धजेना. सुदर्शन नावाचा श्रेष्ठी आई-वडिलांची समजूत घालून एकटा निघाला. अर्जुन मुद्गर उगारून आला तेव्हा त्याने सागारी अनशन घेऊन ध्यान धरले. यक्षाचे बळ चालले नाही, आवेश उतरला, आणि शुद्धीवर आलेल्या अर्जुनाला सुदर्शन स्वतःसोबत प्रभूंकडे घेऊन गेला. पुढे अर्जुनमाळी साधू झाला, लोकांच्या शिव्या आणि मार समभावाने सोसून मुक्त झाला. सुदर्शनाने त्याला उपदेशाचा एक शब्द ऐकविला नाही. तो फक्त न घाबरता दरवाजाबाहेर पडला आणि परतीच्या वाटेवर सोबत झाला.

छोट्या गावातले प्रश्न मोठे असतात. "बटाटा का खायचा नाही?" हा प्रश्न आता जुना झाला. एका गावी दहा-बारा वर्षांच्या मुलाने विचारले, "शेजारच्या घरी गणपतीची आरती असते, मी टाळ वाजवतो. ते पाप आहे का?" खोलीत एकदम शांतता पसरली. त्याचे वडीलही उत्तराकडे कान लावून बसले होते, कारण त्या शेजाऱ्याशी त्यांचा तीस वर्षांचा घरोबा. माझे मत असे की, अशा प्रश्नास पुस्तकातील वाक्य फेकून उत्तर देणारा प्रचारक निघून गेल्यावर त्या मुलाजवळ ना धर्म उरतो, ना शेजार. आपले देव कोणते, त्यांच्याकडे आपण काय मागतो आणि काय मागत नाही, हे त्याला समजले की शेजाऱ्याच्या अंगणात कसे उभे राहावे ते तो स्वतः ठरवितो. आम्ही त्या दुपारी अरिहंत कोणास म्हणावे, यावरच दोन तास बोललो. टाळाचा विषय पुन्हा निघाला नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. आपली सूत्रे अर्धमागधीत, त्यांवरील विवेचन बहुधा हिंदी किंवा गुजरातीत, आणि मुरबाड-शहापूरकडे वाढलेली आपली तिसरी-चौथी पिढी विचार करते ती मराठीत. घरात मारवाडी किंवा कच्छी कानावर पडते, पण शाळा, मित्र, गिऱ्हाईक सारे मराठी. 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना मुलाला आपण नेमके काय म्हणत आहोत हे मराठीत सांगितले की त्याचा चेहरा बदलतो, हे मी पाहिले आहे. आचार्य आनंदऋषीजी म. सा. यांचे थोरपण येथे जाणवते. १९०० साली नगर जिल्ह्यातील चिचोंडी येथे त्यांचा जन्म झाला. १९१३ साली मिरी येथे त्यांनी दीक्षा घेतली, पुढे ते श्रमण संघाचे आचार्य झाले आणि १९९२ साली नगर येथे त्यांचे महाप्रयाण झाले. पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाला त्यांची प्रेरणा होती. त्या बोर्डाच्या परीक्षा देऊन किती तरी दुकानदार, गृहिणी आणि विद्यार्थी सूत्रांचे अर्थ शिकले. तिकडे मारवाडात आचार्य हस्तीमलजी म. सा. यांनी सामायिक आणि स्वाध्याय या दोनच गोष्टींचा ध्यास घेऊन गृहस्थ स्वाध्यायी घडविण्याच्या कार्याला बळ दिले. कल्याणहून मुरबाड, माळशेजमार्गे जो रस्ता नगरला जातो, त्या रस्त्यावरील आमच्यासारख्यांना या दोन्ही प्रवाहांचे पाणी मिळाले.

आनंदाविषयी बोलावयाचे तर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस या सेवेत आनंद फारसा नसतो. घरची आठवण येते, दुकानातून दूरध्वनी येतात, अमुक माल संपला, तमुक गिऱ्हाईक दुसरीकडे गेले. एका वर्षी माझे एक जुने मोठे गिऱ्हाईक याच आठवड्यात तुटले ते तुटलेच. ही किंमत प्रत्येक स्वाध्यायी केव्हा ना केव्हा मोजतो, आणि ती घरातील मागे राहिलेल्यांना अधिक मोजावी लागते. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमारास मात्र काही तरी बदलते. सत्तरीच्या एखाद्या आजी अठ्ठाईचा सहावा उपवास असूनही खाली न बसता प्रतिक्रमण उभ्याने करण्याचा हट्ट धरतात. कधीही सामायिक न केलेला तरुण ४८ मिनिटे स्थिर बसतो आणि उठल्यावर कोणाशी न बोलता निघून जातो. हे पाहताना मनात जे उमलते त्याला आपल्या आचार्यांनी अचूक नाव दिले आहे. मैत्री, प्रमोद, कारुण्य, माध्यस्थ्य या चार भावनांतील ती दुसरी. दुसऱ्याचा गुण पाहून होणारा हर्ष म्हणजे प्रमोद. आपले प्रवचन रंगले याचा आनंद वेगळा, तो दुपारपर्यंत ओसरतो आणि दुसऱ्या दिवशी श्रोते कमी आले की दुःखात बदलतो.

वाढीचे म्हणाल तर ती सुखद नसते. प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे अतिचार येतात: चोरीचा माल घेणे, चोरास साहाय्य करणे, राज्यविरुद्ध वागणे, खोटे तोल-माप ठेवणे, भेसळ करणे. घरी आपण ते वर्षानुवर्षे म्हणतो. अनोळखी गावात व्यापाऱ्यांपुढे उभे राहून त्यांचा अर्थ सांगावा लागतो तेव्हा समोरची सारी माणसे आपल्याच धंद्यातील असतात. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात एके काळी पावसाळ्यात खावटी म्हणून मणभर धान्य द्यावे आणि सुगीला दीड मण घ्यावे, अशी दिढीची रीत रूढ होती. ठाकूर आणि कातकरी कुटुंबांची पिके खळ्यावरूनच सावकाराकडे जात. सावकारांत अनेक जातींचे लोक होते, आपलेही होते. हे बोलू नये असे काहींना वाटते. मला वाटते, संवत्सरीच्या दिवशी चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींना खमविणाऱ्या समाजाने हिशेबाच्या जुन्या वह्यांतील माणसांची नावेही आठवावीत. एका गावी हा अर्थ सांगून झाल्यावर एक वृद्ध श्रावक उठून दुकानात गेले आणि दुसऱ्या दिवशी वजने शासकीय तपासणीस देऊन आले. ते काही बोलले नाहीत. मी त्या वर्षी घरी परतल्यावर माझाही काटा तपासून घेतला. तो बरोबर होता; तरी पाहून घ्यावासा वाटला.

पर्युषणाचे आठ दिवस संपले तरी शहापूर-मुरबाडकडे हे काम संपत नाही, कारण आपण वाटेवर आहोत. मुंबईत चातुर्मास करून नाशिककडे जाणारे साधु-साध्वी मुंबई-आग्रा महामार्गाने आसनगाव, शहापूर, कसारा असे चालत जातात. शहापुरानजीकचे टेकडीवरील मानस मंदिर त्यांचे आणि यात्रेकरूंचे विसाव्याचे स्थान. नगर, पुण्याकडील काही सिंघाडे कल्याण, मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत माळशेज चढतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर हा ओघ सुरू होतो. अनवाणी पावले, कडेने सुसाट धावणारे ट्रक आणि कंटेनर, पहाटेचे धुके. विहारात वाहनाची धडक बसून साधु-साध्वी कालधर्म पावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि हळहळतो. ही हळहळ पुरेशी नाही असे ज्यांना वाटले, त्या तरुणांनी विहारसेवा हाती घेतली. चमकणाऱ्या पट्ट्यांचे अंगरखे घालून, हातात विजेरी घेऊन ते पुढे-मागे चालतात. वैयावृत्त्य हे आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांतील एक. पहाटे चार वाजता उठून पंधरा किलोमीटर चालणे आणि मग नऊ वाजता दुकान उघडणे, याला दुसरे कोणते नाव द्यावे?

या विहारात जैन घरे नसलेली गावे लागतात. सेवकाला पुढे जाऊन मुक्कामाची जागा पाहावी लागते, बहुधा जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा किंवा एखादे देऊळ. आहारासाठी शाकाहारी घर हवे, म्हणून माळकऱ्याचे घर शोधतात. या भागात वारकरी पुष्कळ. मग त्या घरच्या माउलीला समजवावे लागते की साधूंसाठी म्हणून काही रांधू नका, चूल पेटवू नका, कच्चे पाणी देऊ नका. तुमच्यासाठी जे झाले आहे त्यातील थोडे, तुमच्या मनात असेल तर. बेचाळीस दोषांचे शास्त्र इतक्या साध्या शब्दांत मांडणे सोपे नाही. अशाच एका घरी एक म्हातारी सारे ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजी आमच्यासाठी केल्यालंच चालतं, तुमच्यासाठी केल्यालं न्हाई. मंग त्यास्नी पावनं म्हनायचं का घरचं म्हनायचं?" आमच्याजवळ उत्तर नव्हते, पण पाठीमागे उभ्या साध्वीजी हसल्या. संप्रतीची माणसे अशाच उंबऱ्यांवर उभी राहिली असतील.

या सेवेतील सर्वांत लांबचा प्रवास वीरचंद राघवजी गांधींचा. १८६४ साली महुव्यास जन्मलेले हे पदवीधर तरुण जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मंत्री होते. पालिताण्याच्या यात्राकराचा तंटा मिटविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सम्मेदशिखरासंबंधीच्या खटल्यासाठी कागदपत्रे समजावीत म्हणून ते कलकत्त्यास राहून बंगाली शिकले. १८९३ च्या सप्टेंबरात शिकागोस सर्वधर्म परिषद भरली तेव्हा निमंत्रण आचार्य विजयानंदसूरींना होते. साधूस समुद्रप्रवास वर्ज्य, म्हणून त्यांनी गृहस्थ पाठविला. २९ वर्षांच्या वीरचंदभाईंनी तेथे जैन दर्शन मांडले, पुढे अमेरिका आणि इंग्लंडमध्ये व्याख्याने दिली, भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी तेथे मदत उभी केली आणि भारतात दुष्काळ पडला तेव्हा तेथून धान्याचे जहाज धाडविले. मायदेशी मात्र समुद्र ओलांडला म्हणून समाजातील एका गटाने त्यांना प्रायश्चित्ताचा आग्रह धरला. १९०१ साली, वयाची ३७ वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ते मुंबईत निवर्तले. ज्यांना धाडले त्यांनाच परत आल्यावर कसे वागविले, हे आपण विसरू नये. आचार्य तुलसी यांनी १९८० साली लाडनूं येथे समण श्रेणी स्थापून वाहनाने दूरदेशी जाऊ शकणाऱ्या समणींची परंपरा निर्माण केली, तेव्हाही आक्षेप घेणारे होतेच. आज त्याच समणी परदेशांतील आपल्या मुलांना सामायिक शिकवीत आहेत.

आमच्याकडे सध्या खरी अडचण आहे ती माणसांची. मागणी करणारी गावे वाढली आणि जाणारे स्वाध्यायी साठीच्या पुढे गेले. तरुण म्हणतात, सीझन आहे. ते खोटे नाही. यावर काही घरांनी एक उपाय काढला आहे: एका वर्षी एक भाऊ जातो, दुसऱ्या वर्षी दुसरा, आणि घराबाहेर राहणाऱ्याच्या वाट्याचा त्या आठवड्याचा नफा कापला जात नाही. भागीदारीच्या व्यवहारात अशी तरतूद करणे मला फार शहाणपणाचे वाटते. बहिणी जोडीने जातात. गेल्या दोन वर्षांत आमच्याकडील सुनांनी पुढाकार घेतला असून त्यांची तयारी पुरुषांपेक्षा चोख असते, हे प्रांजळपणे नमूद करतो. चौमासी चतुर्दशीपूर्वी नावे कळवावी लागतात, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात पाठांतराला लागावे लागते. आमच्या गल्लीतील एक सूनबाई या वर्षी प्रथमच जाणार आहेत. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असते. त्या वेळी त्या गल्ल्यामागे बसून अंतगडाचा तिसरा वर्ग वाचतात. कोणी तेल मागावयास आले की बोट पानात ठेवून उठतात, माप भरून देतात आणि पुन्हा गजसुकुमालापाशी येऊन बसतात.